जंगलात पायी कोण जातो?

थोडं मोठं लिहिलंय. सवडीने वाचा.

गेल्या ऑगस्टमध्ये दक्षिण आफ्रिकेत जाऊन आलो. तेव्हापासून टपरीवर, पंचायत समितीच्या आवारात, लग्नाच्या मांडवात एकच प्रश्न ऐकतोय. "काय भाऊ, सिंह दिसला का?" दिसला, दोनदा दिसला. फोटो मावसभावाने टाकलेत, त्याच्या वॉलवर बघून घ्या. मला लिहायचंय ते तिथल्या गाईड लोकांबद्दल, त्यांच्यामागे केलेल्या पायपिटीबद्दल आणि त्या जंगलाच्या सातबाऱ्याबद्दल. वीस वर्षं सिंदेवाही-मूल पट्ट्यात बातमीदारी करतोय. आमच्याकडे जंगलात पायी गेलेल्या माणसाची बातमी होते ती बहुतेक वेळा एकाच कारणाने होते. ते कारण काय, हे इकडच्या लोकांना सांगायला नको.

आधी गेलो कसा ते सांगतो, नाहीतर कमेंटमध्ये विचारालच. माझा मावसभाऊ मायनिंग इंजिनिअर. तो एमालाहलेनीला असतो. जुनं नाव विटबँक. एमालाहलेनी म्हणजे 'कोळशाची जागा'. खाणी, वीज केंद्रं, धूळ, ट्रकच्या रांगा. म्हणजे चंद्रपूरचा माणूस सात समुद्र ओलांडून पुन्हा चंद्रपुरातच गेला म्हणा. पाच-सहा वर्षांपासून "ये ना दादा" म्हणून मागे लागला होता. राहणं-खाणं त्याच्याकडे, तिकीट मी काढलं. तिथून क्रुगर नॅशनल पार्कची गेटं गाडीने काही तासांवर.

क्रुगर केवढं आहे? सुमारे १९,५०० चौरस किलोमीटर. आपला ताडोबा कोअर आणि बफर मिळून १,७२७ चौरस किलोमीटर. म्हणजे अकरा ताडोबा शेजारी शेजारी मांडायचे. एका बाजूला मोझांबिकची सीमा, उत्तरेला लिंपोपो नदी आणि पलीकडे झिम्बाब्वे. आत डांबरी रस्ते, पेट्रोल पंप, मुक्कामाचे कॅम्प. तुम्ही स्वतःची गाडी घेऊन फिरू शकता. वेगमर्यादा डांबरी रस्त्यावर ताशी ५०, कच्च्यावर ४०. कॅम्प सोडून गाडीबाहेर पाय ठेवायचा नाही, आणि ठरलेल्या वेळेच्या आत कॅम्पच्या फाटकात हजर व्हायचं. उशीर झाला तर दंड.

सगळ्यात मोठा कॅम्प स्कुकुझा. हे नाव कुठून आलं ते ऐका. १८९८ मध्ये तिथे साबी गेम रिझर्व्ह जाहीर झालं. १९०२ मध्ये जेम्स स्टीव्हन्सन-हॅमिल्टन नावाचा गोरा अधिकारी पहिला वॉर्डन म्हणून आला. जनावरांसाठी जागा मोकळी करायची म्हणून त्याने आत राहणारी माणसं बाहेर काढली. स्थानिक लोकांनी त्याला नाव ठेवलं स्कुकुझा. त्याचा अर्थ सांगतात 'सगळं झाडून काढणारा'. पुढे १९२६ मध्ये नॅशनल पार्क झाला आणि कॅम्पला हेच नाव लागलं. आज जगभरचे पर्यटक त्या नावाचे टी-शर्ट घेऊन जातात. ज्यांना झाडून काढलं त्यांची नातवंडं काउंटरवर बिल करत असतील.

स्कुकुझातून आम्ही पार्कचीच संध्याकाळची सफारी घेतली. उंच उघडी गाडी, पायऱ्या पायऱ्यांसारखी बाकं, प्रत्येकाला घोंगडी. आपल्याकडे पोळ्याचे दिवस, तिथे हिवाळा. सूर्य बुडाल्यावर हुडहुडी भरते. बाकीच्या गाड्यांना कॅम्पचं फाटक बंद होतं तेव्हा या गाड्या बाहेर असतात, हीच त्यातली मजा.

गाईड बाई होती. चाळिशीची, खाकी गणवेश, गाडीही तीच चालवत होती. निघायच्या आधी तिने पाच मिनिटं उभं करून समजावलं. गाडीत उभं राहायचं नाही. हात बाहेर काढायचा नाही. "सिंहाला ही गाडी आणि तुम्ही मिळून एकच मोठी वस्तू दिसते. तुम्ही उभे राहिलात की त्या वस्तूतून माणूस वेगळा निघतो. तो त्याला ओळखता येतो." इतकं साधं कारण. नियम पाठ करून घेण्यापेक्षा कारण सांगितलं की माणूस आपोआप गप्प बसतो. पूर्ण गाडी गप्प बसली.

अंधार झाल्यावर सर्चलाईट पर्यटकांच्याच हातात दिले. डोळे चमकले की ओरडायचं नाही, हळू 'स्टॉप' म्हणायचं. हरणांवर फार वेळ उजेड धरायचा नाही, त्यांचे डोळे दिपतात आणि मागे कोणी टपून बसलं असेल तर त्याचं फावतं. दिवसभर तापलेल्या डांबरावर दोन सिंहिणी पसरल्या होत्या. गाडी बंद. दहा मिनिटं इंजिनाचा आवाज नाही. सिंहिणीचा श्वास ऐकू येत होता. पण त्याच बाईने एका फांदीवरचा सरडा दाखवायलाही गाडी थांबवली आणि हत्तीच्या लेंडीत शेणकिडे शोधायलाही. सिंहाएवढाच वेळ त्यांना दिला. एकाही पर्यटकाने कुरकूर केली नाही. गाईड जे दाखवतो तेच बघण्यासारखं असतं, हा विश्वास तिने पहिल्या पाच मिनिटांत कमावला होता.

तिकडे सगळं रामराज्य आहे असं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही स्वतःच्या गाडीने फिरत होतो, तर एका सिंहाभोवती पंचवीस-तीस गाड्या. पुढे घुसाघुशी, खिडकीतून अर्धी बाहेर आलेली माणसं. अगदी आपल्यासारखं. पार्कच्या पश्चिमेला साबी सँडसारखी खासगी रिझर्व्ह आहेत, १९९३ मध्ये मधलं कुंपण काढलं, जनावरं मोकळी ये-जा करतात. तिथे गाईड एकमेकांशी रेडिओवर बोलून एका जनावरापाशी दोन-तीनच गाड्या ठेवतात, बाकीच्या लांब थांबून आपल्या पाळीची वाट बघतात. पण तिथल्या एका रात्रीच्या भाड्यात आमच्याकडे एखाद्या पोरीचं लग्न होईल. शिस्त पैशाने विकत मिळते, फुकटात फक्त गर्दी मिळते, हे तिथेही खरं आहे. उमरेड-करांडल्यात २०२४ च्या शेवटच्या दिवशी वाघीण आणि तिची पाच पिल्लं जिप्सींच्या घेऱ्यात अडकली होती, तो व्हिडिओ तुम्ही पाहिलाय. नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली.

पण माझा खरा विषय पुढे आहे.

दोन दिवसांनी आम्ही उत्तरेला निघालो. पन्नासच्या वेगाने दिवसभर. मध्ये लेटाबाला मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी पुंडा मारियाला पोचलो. पार्कच्या उत्तर टोकाकडचा छोटा, जुना कॅम्प. गर्दी नाही. इथे सकाळी पायी फिरायला नेतात.

पायी चालण्याच्या या प्रकाराला तिथे इतिहास आहे. १९५९ च्या सुमारास इम्फोलोझीच्या जंगलात इयान प्लेयर नावाच्या रेंजरने पर्यटकांच्या छोट्या तुकड्या पायी न्यायला सुरुवात केली. त्याच्यासोबत होता मागकुबू न्तोंबेला नावाचा झुलू. शाळेत न गेलेला माणूस. वर्णभेदाच्या त्या काळात हा गोरा रेंजर न्तोंबेलाला आपला गुरू म्हणायचा. क्रुगरमध्ये पहिली मुक्कामाची पायवाट १९७८ मध्ये सुरू झाली, वोल्हुटर ट्रेल. आज या चालण्याला मोठी मागणी आहे. जीपमध्ये बसून कंटाळलेला पर्यटक पैसे मोजून पायी चालतो.

आता त्याचे नियम बघा. एका वेळी जास्तीत जास्त आठ माणसं. सोबत दोन गाईड, दोघांकडे मोठ्या जनावराला थांबवेल अशी रायफल. बारा वर्षांखालचं मूल चालत नाही. निघण्याआधी कागदावर सही, की हे जोखमीचं काम आहे हे मला समजलंय. भडक कपडे नको, पांढरे तर नकोच. अंधारातच गाडीने एका जागी नेलं, उजाडल्यावर उतरवलं. समोर रायफलीत गोळ्या भरल्या. मग सूचना.

एका रांगेत चालायचं. बंदुकीच्या पुढे कोणी जायचं नाही. बोलायचं नाही, काही दिसलं तर चुटकी वाजवायची. गाईडने मूठ वर केली की जिथे आहात तिथे थांबायचं. आणि शेवटचं, जे त्याने प्रत्येकाच्या डोळ्यात बघून सांगितलं. काहीही झालं तरी पळायचं नाही. "पळणारी वस्तू म्हणजे खाणं. इथे पळायचा अधिकार फक्त खाण्याला आहे."

पहिला अर्धा तास काहीच झालं नाही. नुसतं चाललो. मोपानेची झाडं, फुलपाखराच्या पंखांसारखी जोडपानं. थोडं पुढे गोरखचिंच. आपल्याकडे वाईला, माहीमच्या किल्ल्याजवळ असली झाडं आहेत, जुन्या व्यापाऱ्यांनी आफ्रिकेतून आणलेली. इथे ती आपल्या घरी उभी होती, दहा माणसांच्या कवेत न मावणारी. मोठ्या गाईडच्या हातात राखेची पुरचुंडी. दर दहा-वीस पावलांवर ती झटकायचा. राख कुठे उडते ते बघायचा. वारा आपल्याकडून जनावराकडे जात असेल तर वाट बदलायची. गाडीत बसल्यावर वारा कुठून येतोय हे कोण बघतं? पायी चालणाऱ्याचं सगळं आयुष्य त्याच्यावर.

एके ठिकाणी हत्तीची लेंडी. त्याने हाताच्या मागच्या बाजूने ऊब बघितली. गरम. मूठ वर. झाडीत फांदी मोडल्याचा आवाज. माद्यांचा कळप, पिल्लांसकट. ऐंशी-नव्वद मीटर असेल. माझ्या कानात माझंच काळीज वाजत होतं. मावसभाऊ, जो फोनशिवाय पाणी पीत नाही, त्याला फोन आठवलाही नाही. गाईडने राख झटकली, वारा फिरत होता. त्याने मागे वळून तळहाताने खूण केली, आणि आम्ही आलो त्या वाटेने उलटे निघालो. हळू, एका रांगेत. हत्तीला कळलंही नाही की आठ पर्यटक त्याला बघून गेले.

थोडं लांब आल्यावर दगडावर बसून सगळ्यांनी बिस्किटं खाल्ली. एका जर्मन बाईने विचारलं, रायफल कधी वापरावी लागली का? तो म्हणाला, "सरावात. ही वापरायची वेळ आली, तर त्याच्या आधी दहा गोष्टी मी चुकवलेल्या असतील."

मी त्याला त्याच्या शिक्षणाबद्दल विचारलं. पत्रकार ना, सवय जात नाही. तिथे पर्यटक गाईड म्हणून काम करायचं तर कायद्याने नोंदणी लागते. त्याआधी परीक्षा, प्रथमोपचार, आणि पायी नेणाऱ्यांसाठी रायफलची वेगळी चाचणी. ती पुन्हा पुन्हा द्यावी लागते. हाताखाली उमेदवारी करताना जंगलात पायी काढलेले तास आणि धोकादायक जनावराशी आलेली प्रत्येक गाठ वहीत नोंदवायची, वरच्या गाईडची सही घ्यायची. ते तास भरले की मगच पुढची पायरी. हा धंदा आहे, हुनर आहे, आणि त्याला दर्जा आहे. आमच्या ताडोब्यातली मोहर्ली-कोलाऱ्याची पोरं ज्ञानात कुठे कमी आहेत? चितळाचा कॉल वेगळा, सांबराचा वेगळा, माकड खरं ओरडतंय की उगाच, हे त्यांना झोपेत कळतं. पण त्या ज्ञानाला पायऱ्या नाहीत. वीस वर्षांचा अनुभवी गाईड आणि काल लागलेला, दोघंही पर्यटकाच्या लेखी सारखेच: "ए भाऊ, टायगर दाखव."

दोन गाईडपैकी धाकटा मकुलेके गावचा होता. आणि आता त्या जंगलाच्या सातबाऱ्याची गोष्ट.

पार्कचं अगदी उत्तर टोक, लुवुव्हू आणि लिंपोपो या दोन नद्यांच्या मधली जमीन, त्याला पाफुरी म्हणतात. दोन्ही नद्या मिळतात तिथे तीन देशांच्या सीमा टेकतात. गुन्हेगार लोक पोलीस आले की एक पाय उचलून दुसऱ्या देशात ठेवायचे, म्हणून त्या जागेचं नावच क्रुक्स कॉर्नर. या जमिनीवर मकुलेके लोक राहत होते. शेती, मासेमारी, गुरं. १९६९ मध्ये वर्णभेदी सरकारने सुमारे ३,००० माणसांना बंदुकीच्या धाकाने उठवलं. स्वतःची घरं स्वतःच्या हाताने पेटवायला लावली, असं तिथले म्हातारे आजही सांगतात. ट्रकमध्ये भरून पार्कच्या कुंपणाबाहेर नेऊन टाकलं आणि जमीन क्रुगरला जोडली.

१९९४ मध्ये राज्य बदललं. हिसकावलेल्या जमिनी परत मागण्याचा कायदा आला. मकुलेकेंनी दावा टाकला आणि १९९८ मध्ये जमीन परत मिळवली. सुमारे २४,००० हेक्टर. गावाच्या सामूहिक संस्थेच्या नावावर. आणि मग त्यांनी जे केलं ते मला अजून पुरतं पचलेलं नाही. ते तिथे परत राहायला गेले नाहीत. जमीन आमची, पण ती जंगलच राहील, असा करार त्यांनी पार्कशी केला. खाणकाम नाही, शेती नाही. कारभार संयुक्त मंडळाकडे, त्यात गावाचीही माणसं आणि पार्कचीही. जंगलातले लॉज भाडेकराराने दिलेले, भाडं गावाला, नोकऱ्या गावाच्या पोरांना. सुरुवातीची काही वर्षं त्यांनी परदेशी शिकाऱ्यांना मोजकी शिकारही विकली, त्यावरून मोठा वाद झाला. मग ते बंद करून फक्त बघणारे पर्यटक ठेवले.

त्या पोराला विचारलं, सगळं सुरळीत आहे का? हसला. "पैसा आला की भांडणं येतात. तुमच्याकडे येत नाहीत का?" २०२० मध्ये कोरोनाने पर्यटक बंद झाले तेव्हा गावाचं उत्पन्न एका रात्रीत थांबलं. आणि गावातल्या सगळ्यांना काही लॉजमध्ये नोकरी मिळत नाही. हे सगळं त्याने न लपवता सांगितलं. पण एक वाक्य त्याने सहज टाकलं, ते मी वहीत लिहून घेतलं. "माझी आजी इथून ट्रकमध्ये बसून गेली. मी इथे रायफल घेऊन चालतो, आणि तुम्ही माझ्या मागे."

आता अळ्यांचं सांगतो. मोपानेच्या झाडावर अंगठ्याएवढ्या जाड अळ्या होतात. त्या काढायच्या, उकडायच्या, वाळवायच्या, वर्षभर खायच्या. उरलेल्या विकायच्या. बाहेरच्या बाजारात ढीग लागलेले बघितले. बायकोने नाक मुरडलं. पण आमच्या आरमोरीकडे ऐनाच्या झाडावर टसरचे किडे पाळतात ना, त्यांच्याच कुळातल्या या अळ्या. गरीब घरातल्या बाईच्या हातात चार पैसे येतात ते त्यातून. आपल्याकडे मोह आणि तेंदू, तसंच.

आणि त्या अळ्या कुंपणाच्या आतही असतात, जिथे सिंह आहे, हत्ती आहे. मग काय करतात? हंगामात ठरावीक दिवस, शेजारच्या गावांतल्या लोकांना पार्क आत सोडतं. नावं नोंदवून, तुकड्या करून. सोबत रेंजर. बायका वेचतात, रेंजर पहारा देतो. संध्याकाळी पोती घेऊन सगळे बाहेर.

हे ऐकलं तेव्हा मी त्या पोराला दोनदा विचारलं. अळ्या वेचणाऱ्या बायकांसोबत रेंजर? त्याला माझा प्रश्नच कळेना. "मग? त्या एकट्या कशा जातील?"

मित्रांनो, आमच्याकडे एकट्याच जातात.

मार्च-एप्रिलमध्ये पहाटे चारला उठून, टोपली घेऊन, मोहाखाली. कुणी पोचायच्या आत फुलं वेचायची म्हणून अंधारात. खाली वाकून. वाकलेला माणूस मागून वाघाला माणूस दिसत नाही, चार पायांचं काहीतरी दिसतं, हे आमचे वनरक्षकच सांगतात. मग मे महिन्यात तेंदू. पुडक्यामागे मिळणाऱ्या पैशांसाठी अख्खं घर जंगलात. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. असल्या बातम्या मी इतक्या केल्यात की साचा ठरलेला आहे. नाव, वय, गाव, कंपार्टमेंट नंबर, तातडीची मदत, 'जंगलात एकट्याने न जाण्याचे आवाहन'.

तिथे पैसे देऊन पायी चालणाऱ्या आठ परदेशी माणसांसाठी दोन रायफली, वाऱ्याची दिशा बघणारा माणूस आणि अर्ध्या तासाच्या सूचना. इथे पोटासाठी पायी चालणाऱ्या बाईसाठी एक आवाहन.

लगेच कोणी म्हणेल, मग काय प्रत्येक तेंदूवालीमागे बंदूक द्यायची? नाही. ताडोबा क्रुगर नाही. आपला वाघ दाट झाडीत दहा फुटांवर बसलेला असतो, तिथे रायफल काय कामाची? क्रुगरला कुंपण आहे, आपल्याकडे जंगल कुठे संपतं आणि शेत कुठे सुरू होतं हे तलाठ्यालाही सांगता येत नाही. वाघही वाढलेत, त्याचा अभिमान मलाही आहे. आणि वन विभाग काहीच करत नाही असंही मी म्हणत नाही. गावागावांत पीआरटीची पोरं आहेत, हातात काठी घेऊन हंगामात लोकांना सांभाळतात, त्यातले काही माझे मित्र आहेत. तुटपुंज्या मानधनावर ते जे करतात त्याला सलामच आहे.

मी तिथून बंदूक आणायला सांगत नाही. तिथली पद्धत आणायला सांगतोय. मोह आणि तेंदूच्या हंगामात कोणता गट कोणत्या कंपार्टमेंटमध्ये, कोणत्या दिवशी जाणार याची नोंद. आदल्या दिवशी तिथे ट्रॅप कॅमेऱ्यात काय दिसलं, पिल्लांची वाघीण आहे का, याची माहिती त्या गटाला, त्यांच्या भाषेत, दवंडीने. पर्यटकाला वाघ कुठे आहे हे सकाळी सहाला गेटवर कळतं, मग मोहवालीला का कळू नये? प्रत्येक गटासोबत एक शिकलेला माणूस, ज्याचं काम वेचणं नाही, फक्त बघणं आणि ऐकणं. त्याला त्या दिवसाची पूर्ण मजुरी. आणि असा माणूस आपल्याकडे आधीच आहे. जो पोरगा जिप्सीत पुढच्या सीटवर बसून कॉल ऐकतो, तोच. त्याला शिकवा, परीक्षा घ्या, पायऱ्या द्या, पगार द्या. सकाळी पर्यटकांचा गाईड असेल तर हंगामात गावाचाही असेल.

आणि मालकीचा प्रश्न आहेच. २००६ चा वनहक्क कायदा आपल्याकडेही आहे. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळाला, आपल्याच जिल्ह्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये. बांबू विकून त्या गावांनी काय केलं ते जाऊन बघा, विमानाचं तिकीट लागत नाही. ज्या गावाचा जंगलावर हक्क आहे ते गाव आपल्या माणसांसाठी नियम करतं आणि ते पाळतं. ज्या गावाला जंगलात चोरासारखं शिरावं लागतं, तिथली बाई रेंजरला सांगून कशी जाईल? ती तर रेंजरला चुकवूनच जाते. म्हणून ती अंधारात जाते. म्हणून ती एकटी असते.

मोह पडायला फार दिवस उरलेले नाहीत. हे सगळं यंदा होणार नाही, मला माहीत आहे. पण गट, नोंद, आदल्या दिवशीची माहिती आणि सोबत एक माणूस, एवढ्याला नवा कायदा लागत नाही की नवं बजेट हेड लागत नाही. एखाद्या परिक्षेत्रात, एखाद्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याने मनावर घेतलं तर होतं. या पोस्टखाली आमच्या भागातले काही अधिकारी वाचक आहेत, दोन जिल्हा परिषद सदस्यही आहेत. त्यांनी लाईक करू नये. ग्रामसभेची तारीख कळवावी, मी येतो.